हलक्या जमिनीला काय पेलते? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात आम्ही मराठवाड्यातील हलक्या, उताराच्या आणि खराब झालेल्या जमिनींविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे बालाघाटाच्या पट्ट्यातली आहेत, आणि ते साहजिक आहे. गोदाकाठची काळी कसदार राने आणि पाटोदा, आष्टी, भूम, परंडा या भागातले माळ आपण एकाच मराठवाड्यात धरतो. पण एकाला मानवणारी शेती दुसऱ्याला मानवत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी पाच एकर मुरमाड जमीन आहे. सहा-सात वर्षांपासून त्यात सोयाबीन घेतो. उगवण चांगली होते, पण ऑगस्टमध्ये पावसाने दोन-तीन आठवडे ताण दिला की पीक फुलातच वाळते. कोणता वाण घेतला तर हे थांबेल?
— एक शेतकरी, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : वाण बदलल्याने हे थांबणार नाही, असे स्पष्ट सांगणे मला भाग आहे, कारण आपली अडचण बियाण्याची नसून मातीच्या खोलीची आहे. पाऊस कितीही पडो, जमीन जेवढे पाणी धरून ठेवते तेवढेच पिकाच्या कामी येते. साडेसात सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम तीन इंच मातीच्या थरात पिकाला घेता येईल अशी ओल साधारण १५ ते २० मिलिमीटर राहते. नऊ इंच मातीत ती ३० ते ३५ मिलिमीटर असते आणि दीड फूट माती असेल तर ४० ते ६५ मिलिमीटरपर्यंत जाते. फुलोऱ्यातल्या सोयाबीनला उघडिपीच्या दिवसांत रोज चार ते पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे जमीन पूर्ण भिजलेली असली, तरी नऊ इंच मातीवरचे पीक आठवडाभरात सगळी ओल संपवते. तीन आठवड्यांचा खंड त्याने कशाच्या आधारावर काढावा?

म्हणून बियाणे ठरवण्याआधी कुदळ घेऊन शेतात जावे आणि उताराच्या माथ्यावर, मध्यावर आणि तळाशी असे तीन खड्डे दोन-दोन फुटांचे खणून पाहावेत. काळी किंवा तांबूस माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो, हे खड्ड्याच्या भिंतीवर स्पष्ट दिसते. मुरूम लागला म्हणून थांबू नये. तो कुदळीने भुसभुशीत सुटत असेल तर त्यात तुरीचे, बोरीचे, सीताफळाचे मूळ शिरू शकते. कुदळ ठणकली आणि जुन्या पिकाची मुळे त्या जागी आडवी वळलेली दिसली, तर पिकाच्या दृष्टीने जमीन तिथेच संपली, असे समजावे. एकाच पाच एकरांत तीन वेगळ्या खोल्या निघतात, हा अनुभव बहुतेक ठिकाणी येतो, आणि तिथे एकच पीक सरसकट पेरणे हेच नुकसानीचे मूळ असते.

तळाशी दीड फूट किंवा त्याहून अधिक माती असेल तर तेवढ्यात सोयाबीन आणि तूर चार ओळींना दोन ओळी याप्रमाणे घ्यायला हरकत नाही. मधल्या पट्ट्यात बाजरी आणि तूर दोन ओळींना एक ओळ, किंवा तीळ, मटकी, हुलगा ही पिके अधिक भरवशाची ठरतात. येथे तूर लवकर येणारीच हवी. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ हा वाण साधारण १५० दिवसांत हाती येतो, त्यामुळे परतीच्या पावसाची ओल ओसरण्याच्या आत तो शेंगा भरून घेतो. दीर्घ मुदतीची तूर हलक्या रानात नेमकी शेंगा भरताना उपाशी राहते. ज्यांच्याकडे रब्बीची ज्वारी होते त्यांनीही हलक्या जमिनीसाठीचा ‘फुले अनुराधा’ आणि भारी जमिनीसाठीचा ‘परभणी मोती’ यांची अदलाबदल करू नये. नऊ इंचांहून कमी मातीचा माथा मात्र नांगराखालून काढावा, असे माझे मत आहे. त्याचे काय करायचे, ते पुढे धारूरच्या पत्राच्या उत्तरात येईल.

बाजरीला आणि हुलग्याला बाजारात सोयाबीनसारखा उठाव नाही, ही आपली अडचण मला ठाऊक आहे आणि ती खरी आहे. परंतु हिशेब एका चांगल्या वर्षाच्या उताऱ्यावर न करता पाच वर्षांच्या बेरजेवर करावा, त्यात बियाणे, खत, फवारणी आणि मळणीचा खर्च धरावा, आणि बाजरीच्या सरमाडाची किंमतही मांडावी, कारण उन्हाळ्यात वैरण विकत घेणाऱ्याला तिचा भाव माहीत असतो. पीक कोणतेही असो, पेरणी उताराला आडवी करावी, दर सहा ओळींनंतर एक मृत सरी, म्हणजे पाणी मुरण्यासाठी पिकाविना ठेवलेली सरी, काढावी आणि खंड पडताच कोळपणी करावी, म्हणजे जमिनीच्या भेगा बुजतात आणि ओल उडून जाण्याचा वेग मंदावतो.

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावातला गाळ काढण्याचे काम सुरू होत आहे. माझ्या तीन एकर बरड रानात तो टाकावा म्हणतो. किती टाकावा आणि त्याचा खरेच उपयोग होतो का?
— एक शेतकरी, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : उपयोग निश्चित होतो, पण तो कसा टाकला यावर अवलंबून असतो. एका एकरावर एक इंच जाडीचा थर द्यायचा तर सुमारे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) गाळ लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो असे धरले, तर तीन एकरांवर एक इंच थरासाठी १०८ खेपा होतात. तेवढ्याच १०८ खेपांत एका एकरावर तीन इंचांचा थर बसतो. या दोहोंपैकी मी दुसरा मार्ग सुचवीन. एक इंच गाळाने जमिनीची ओल धरण्याची ताकद पाच-सहा मिलिमीटरने वाढते, म्हणजे खंडात पिकाला एखादा दिवस अधिक मिळतो आणि त्यावर पीकपद्धती बदलता येत नाही. तीन इंचांनी चार दिवस वाढतात, आणि सहा इंचांची जमीन नऊ इंचांची झाली की ती एक पायरी वर चढते. तिथे बाजरी-तुरीचा विचार करता येतो. उरलेल्या दोन एकरांचे काम पुढच्या दोन उन्हाळ्यांवर सोपवावे. शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. खरा खर्च वाहतुकीचा असल्याने तलावाजवळच्या रानापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

तलावात पाणी जिथून येते त्या तोंडाशी वाळू आणि भरड माती साचते, आणि भिंतीकडे बारीक चिकण गाळ बसतो. मुरमाड रानाला दुसऱ्या प्रकारचा गाळ हवा. त्याचा सामू (पीएच) आणि क्षार तपासून घ्यावेत; सामू साडेआठच्या वर निघाला तर तो गाळ शेतात आणू नये. ढेकळे एप्रिल-मे महिन्यांत पसरून उन्हात तापू द्यावीत, पहिल्या पावसाने ती फुटली की वखराच्या दोन पाळ्या देऊन खालच्या मुरमात मिसळावीत. वरचेवर तसाच ठेवलेला गाळ पावसात लोण्यासारखा होतो आणि उन्हात भेगाळतो, आणि त्याखालच्या मुरमाशी त्याचा सांधा जुळत नाही. ताज्या गाळात नत्र आणि सेंद्रिय अंश पुरेसा असेलच असे नाही, म्हणून पहिल्या वर्षी शेणखत द्यावेच.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती अनेक जण विसरतात. तलावात बसलेला हा गाळ आपल्याच शिवाराच्या वरच्या उतारावरून वाहून आलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी रोजगारासाठी भर उन्हात खपून खोदलेले कितीतरी पाझर तलाव अशाच मातीने भरले. बांधबंदिस्ती न करता गाळ पसरला तर दोन-तीन मोठ्या पावसांत तो पुन्हा तलावात जाईल आणि ट्रॉलीचे पैसेही त्याच्याबरोबर जातील. आधी समपातळीत बांध घालावेत, मग गाळ आणावा.

समपातळी काढण्यासाठी यंत्र लागत नाही. सहा-सात फूट लांबीच्या दोन सरळ काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधून खाली फाकवाव्यात, मध्ये एक आडवी काठी बांधावी आणि वरून दोरीला दगड लोंबता सोडावा. हा सांगाडा सपाट जागेवर उभा करून, मग त्याचे दोन्ही पाय एकमेकांच्या जागी ठेवून, दोरी आडव्या काठीला जिथे शिवते त्या दोन खुणांचा मध्य काढावा. रानात एक पाय स्थिर ठेवून दुसरा पाय पुढे-मागे सरकवत दोरी त्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आले, असे समजावे. तिथे फक्कीची खूण करून पुढे चालावे. एका दिवसात दोन माणसे दोन-तीन एकरांची आखणी आरामात करतात. अशी आखलेली ओळ बांधाच्या सरकारी नकाशासारखी सरळ नसते, ती रानाच्या वळणाने जाते, आणि म्हणूनच तिच्यावर पाणी थांबते.

प्रश्न : आमचा दोन एकरांचा खडकाळ उतार आहे, माती हातभरसुद्धा नाही. घरात चार शेळ्या आहेत. आम्ही दोघेही दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्यात परत येतो, त्यामुळे मागे पीक राखायला कोणी नसते. या तुकड्यातून काही होईल का?
— एक महिला शेतकरी, ता. धारूर, जि. बीड

उत्तर : ताई, होईल, आणि आपल्या अडचणीतूनच त्याचे उत्तर निघते. राखण लागणार नाही, हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी मागणार नाही आणि गुरे तोंड लावणार नाहीत, असे झाड आपल्याच डोंगरात उगवते. सीताफळाचा पाला शेळी खात नाही, थंडी सरत आली की झाड पाने गाळून स्वस्थ बसते, आणि मुरमातून पाण्याचा निचरा होणारी जागाच त्याला आवडते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र असून ‘धारूर ६’ हा वाण आपल्या तालुक्याच्या नावाचा आहे. कलमे किंवा रोपे तिथून किंवा शासकीय रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

उन्हाळ्यात, आपण गावी असताना, पाच मीटर अंतरावर दोन-दोन फुटांचे खड्डे घ्यावेत, वरच्या थराची माती आणि शेणखत यांनी ते भरावेत, आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावावे. प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला दगडांची चंद्रकोर रचावी, म्हणजे वरून येणारे पाणी आणि माती तिथे अडेल. जाण्याआधी बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचे जाड आच्छादन घालून वर दगड ठेवावेत. पहिल्या उन्हाळ्यात काही रोपे जातील, ती पुढच्या पावसाळ्यात सांधावीत. सगळी एकदम जगावीत अशी अपेक्षा ठेवून खचू नये. रोजगार हमीतून फळबाग लागवडीला १९९० पासून मदत मिळते, तेव्हा खड्डे खणण्याची मजुरी आपल्यालाच मिळेल का, हे ग्रामपंचायतीत आवर्जून विचारावे.

फळ सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येते आणि आपण दसऱ्यानंतर निघता. म्हणजे पहिली तोडणी हाती लागेल आणि उरलेली गावातल्या कोणाला तरी वाट्याने द्यावी लागेल. हे आधीच ठरवून, शक्य तर लिहून ठेवावे.

झाडांच्या मधल्या जागेत मारवेल, पवना किंवा अंजन ही गवते आणि स्टायलो हे द्विदल चारापीक पेरावे. नांगरू नये, फक्त पहिल्या पावसात बी टाकावे. पहिल्या दोन वर्षांत तिथे शेळ्या न चारता गवत कापून घालावे. चांगला पाऊस झाला तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कापणीत गंजी रचण्याइतके वाळले गवत हाती येते. उस्मानाबादी शेळी झाडोऱ्यावर आणि वाळक्या चाऱ्यावर टिकणारी आहे, म्हणून बांधावर बाभूळ, बोर आणि हादगा लावल्यास तिची सोय होईल.

प्रश्न : कालव्याच्या कडेची माझी जमीन पूर्वी उत्तम होती. आता ठिकठिकाणी पांढरी खार फुटते, काही भागात पाणी साचून राहते आणि हरभरा उगवतच नाही. जिप्सम टाकावे का?
— एक शेतकरी, ता. पाथरी, जि. परभणी

उत्तर : तपासणीशिवाय टाकू नये. पांढरी खार ही विद्राव्य क्षारांची असते आणि अशी जमीन खारवट असेल तर तिला जिप्समची नव्हे, निचऱ्याची गरज असते. सामू साडेआठच्या वर गेलेला, ओलीत चिकट आणि सुकल्यावर दगडासारखा होणारा, पाणी न जिरवणारा भाग चोपण असतो. तिथे सोडियमने मातीचे कण विस्कटलेले असतात आणि जिप्सममधले कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेते. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. चर नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो. दोन्ही दोष एकत्र असण्याचाही संभव आहे, म्हणून एक फुटापर्यंत आणि एक ते दोन फुटांपर्यंत असे वेगवेगळे नमुने द्यावेत आणि जिप्समची मात्रा अहवालावरूनच ठरवावी.

जायकवाडीचे पाणी १९७६ नंतर या पट्ट्यात फिरले आणि त्याने अनेक घरे उभी राहिली. त्याच पाण्याचा पाट मोकळा सोडून ऊस भिजवण्याची सवय मात्र काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीला महागात पडली आहे. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून नाल्यापर्यंत उघडा चर काढणे हे पहिले काम आहे. एकट्याच्या शेतातला चर बांधावर येऊन थांबतो. त्यानंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून दीड महिन्याने गाडावे, शेणखत किंवा मळी द्यावी आणि दोन-तीन वर्षे हरभरा, मूग, उडीद टाळून कापूस, करडई, गहू यांसारखी क्षार सोसणारी पिके घ्यावीत. पाणी ठिबकने किंवा एकाआड एक सरीतून द्यावे.

प्रश्न : कडवंचीला जाऊन आलो. आमच्याही माळावर प्लास्टिकचे अस्तर टाकून मोठे शेततळे करावे, ते बोअरने भरावे आणि द्राक्ष किंवा मोसंबी लावावी, असे मुलाचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक शेतकरी, ता. भोकरदन, जि. जालना

उत्तर : कडवंची पाहून उमेद वाटावी अशीच आहे, पण तिथला क्रम मुलाने लक्षात घ्यायला हवा. जालना तालुक्यातल्या या गावात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली माथ्यावर सलग समतल चर, शेतांची बांधबंदिस्ती आणि ओघळींवर बांध ही कामे आधी झाली, विहिरींना पाणी आले, आणि त्यानंतर शेततळी व द्राक्षबागा उभ्या राहिल्या. आपण पहिली पायरी सोडून शेवटच्या पायरीवर उडी घेत आहात.

बोअरचे पाणी उपसून उघड्या तळ्यात भरण्याला माझा विरोध आहे. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारे एक सेंटीमीटर नुसत्या उन्हाने उतरते. जे पाणी खडकाच्या फटीत सावलीत होते आणि ज्यावर शेजाऱ्याच्या विहिरीचाही आधार होता, ते वर आणून आपण वाफ करून टाकतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांना दहा-बारा वर्षांची झाडे तोडावी लागली. बहुवार्षिक झाडाला एका वर्षाचे पाणी चुकवता येत नाही. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारे लहान तळे, त्यावर एक-दोन संरक्षित पाण्याच्या पाळ्या आणि त्या भरवशावर तूर, हरभरा किंवा मर्यादित भाजीपाला, इथून सुरुवात करावी. पाच वर्षे विहिरीची पातळी मार्चमध्ये मोजून वहीत लिहावी आणि मग बागेचा निर्णय घ्यावा.

प्रश्न : आमच्या गावाला मोठे गायरान आहे. पडीक म्हणून त्या सगळ्यावर एकाच जातीची झाडे लावण्याचा प्रस्ताव ग्रामसभेत येणार आहे. काही भागात भूमिहीन कुटुंबे पूर्वीपासून कसतात. आम्ही काय भूमिका घ्यावी?
— ग्रामपंचायतीचे एक सदस्य, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : गायरानाला पडीक म्हणणे मला मान्य नाही. चार इंच मातीवर वाढणारे गवत हे त्या जमिनीचे पीकच आहे. गावातली शेळ्या-मेंढ्यांची, म्हशींची आणि वासरांची वैरण त्यावर होते. पवना, शेडा, मारवेल असलेला माळ काळविटांचे, लांडग्यांचे आणि तितरांचे घर आहे. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य अशाच कोरड्या, झुडपी डोंगरात आहे. साऱ्या माळावर दाट झाडी लावली तर गवत जाते, आणि उथळ मातीत झाडेही खुरटतात. ओघळींच्या काठी आणि कडेला लिंब, बाभूळ, बोर, करंज लावावेत, उरलेल्या भागात समतल चर काढून गवताचे बी टाकावे, आणि गायरानाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग पावसाळाभर चराईला बंद ठेवावा.

कसणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न यापासून वेगळा ठेवावा, आणि वृक्षलागवडीच्या निमित्ताने त्यांना उठवू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याचे आदेश दिले; मात्र भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेनुसार पट्टा मिळालेला असेल, अशा प्रकरणांत नियमित करण्याची वाट त्याच निकालात मोकळी ठेवली आहे. तेव्हा प्रत्येक कुटुंबाची कागदपत्रे आणि जुन्या नोंदी आधी तहसीलमधून काढाव्यात. ग्रामसभेच्या आधी एकदा गुरे राखणारे, शेळ्या पाळणाऱ्या महिला आणि ही कुटुंबे यांना घेऊन गायरानावर फेरी मारावी, आणि कोण कुठे, कोणत्या महिन्यात काय नेतो याची नोंद नकाशावर करून तीच ग्रामसभेपुढे ठेवावी.